तिसरं कोटेशन

“तुम्ही नाचता का?”

खरं म्हणजे हा प्रश्न योसेलिनचा नव्हताच, मिर्ताचा होता. अपीच्या टपरीवर दोघी मैत्रिणी खेटून बसल्या होत्या. हातात जांभळ्या मक्याच्या गरम अपीचे ग्लास, बाहेर गारा पडून गेल्यावरचा बोचरा गारठा. समोरच्या बाकावर एक तरुण एकटाच बसला होता. कार्निव्हल दोन आठवड्यांवर आला होता, बोलिव्हियातलं हे अख्खं ओरुरो गाव ढोलाच्या तालावर चालत होतं, आणि हे महाशय टाय लावून! त्यातच कोपऱ्यावर कुणीतरी नेम धरून पाण्याचा फुगा मारलेला दिसत होता, कारण त्याच्या केसांतून पाणी ठिबकून कॉलरमध्ये जात होतं. लॅपटॉपची बॅग मात्र त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली होती.

मिर्ता कानाशी लागली. जा, त्याला विचार नाचतो का म्हणून. नाही विचारलंस तर वर्षभर तुला भित्री म्हणून हाक मारीन, तीही कॉलेजच्या जिन्यात, सगळ्यांसमोर.

भित्री? पूर्वीची योसेलिन असती तर ग्लासात नाक खुपसून बसली असती. पण गेल्या महिन्यापासून ती पूर्वीची योसेलिन राहिली नव्हती. (त्याचं कारण येतंच आहे.) ती उठली, सरळ चालत गेली, आणि विचारून मोकळी झाली.

त्याने नेमका तेव्हाच घोट घेतला होता. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने घोट गिळला आणि फार गंभीरपणे उत्तर दिलं.

“नाचतो. पण तुम्ही मला पाहिलं असेल तरी ओळखणार नाही.”

“का बरं?”

“मी अस्वल असतो.”

झालं. मागे मिर्ताला ठसका लागला. योसेलिनच्या डोळ्यांसमोर कार्निव्हलच्या मिरवणुकीतला सैतानांचा नाच उभा राहिला. शिंगांचे मुखवटे, आरसे, रुबाब, आणि त्या सगळ्यांच्या मधून धडपडत, पोरींचे केस विस्कटत, पोलिसाची टोपी पळवत जाणारं ते केसाळ अस्वल. आणि इथे हा शांत डोळ्यांचा, टायवाला… तिला इतकं हसू आलं की ‘बरं’ एवढंच म्हणून ती पळाली. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

तासाभराने ते नाव आपल्या पायांनी चालत आलं.

आता ते कारण. कोंदार्को बससेवा ही योसेलिनच्या आईवडिलांची. ओरुरो, ला पास आणि कोचाबांबा, तिन्ही गावांतल्या खिडक्यांवरची तिकिटं एकाच सर्व्हरमधून निघायची. तो सर्व्हर कचेरीच्या कोपऱ्यात दम्याच्या रोग्यासारखा घरघरत बसलेला असायचा. सगळे त्याला ‘म्हातारा’ म्हणत. गेल्या कार्निव्हलला म्हातारा भर गर्दीत गोठला आणि एकेका खुर्चीची दोन-दोन तिकिटं विकली गेली. लोक हमरीतुमरीवर आले. एक आजी बसच्या दारात फतकल मारून रडली होती, तिला नातीच्या नाचाला पोचायचं होतं. पप्पा त्या दिवशी जे गप्प झाले ते आठवडाभर. पुन्हा असं झालं तर मी बस विकून टाकीन, असं त्यांनी आईला सांगितलं होतं, आणि पप्पा उगीच बोलणाऱ्यांतले नव्हते.

म्हणून नवा सर्व्हर घ्यायचा होता, आणि तो कुणाकडून घ्यायचा, कधी बसवायचा, हे सगळं पप्पांनी योसेलिनवर सोपवलं होतं. तू कम्प्युटर शिकतेस ना, मग ठरव, म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी अख्ख्या बससेवेचा जीव आपल्या हातात! महिनाभर ती दोन इंच उंच होऊन चालत होती.

दोन कोटेशनं आली होती. पहिलं ला पासच्या बड्या कंपनीचं. त्यांचा माणूस स्क्रीनवरूनच बोलायचा आणि प्रत्येक वाक्यात एकदा ‘उपाय’ म्हणायचा. दुसरं पाद्रिनो फाउस्तोचं. पाद्रिनो म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी योसेलिनला हातावर घेऊन उभा राहिलेला तिचा धर्मपिता आणि म्हणून पप्पांचा कोंपाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा. त्याचं कम्प्युटरचं दुकान होतं. कोंपाद्रेला डावलून दुसरीकडून वस्तू घेणं म्हणजे भर चौकात त्याच्याकडे पाठ फिरवण्यासारखं.

आणि तिसरं कोटेशन घेऊन दारात उभा होता तो. केस आता वाळले होते. टाय तोच.

“एडसन विल्का,” तो पप्पांशी हात मिळवत म्हणाला. मग त्याची नजर टेबलामागे बसलेल्या योसेलिनवर गेली… आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. योसेलिनने झटकन पेन उचललं आणि काहीतरी महत्त्वाचं लिहीत असल्यासारखं दाखवलं. काय लिहिलं, तर ‘अस्वल’.

तिघांनाही तिने एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. कार्निव्हलच्या शनिवारी मशीन बंद पडलं तर काय? ला पासवाला म्हणाला होता, आमची टीम सदैव तत्पर असते. पाद्रिनो म्हणाला होता, अगं पोरी, मी आहे ना. (शनिवारी दुपारपर्यंत पाद्रिनो कोणत्या अवस्थेत असतो हे गावाला ठाऊक होतं.)

एडसनने थोडा विचार केला. “शनिवारी मी फोन उचलणार नाही.”

पप्पांच्या भुवया वर गेल्या.

“माझा नवस आहे,” तो म्हणाला. “आईचं ऑपरेशन नीट पार पडलं तर तीन वर्षं नाचीन असं सोकावोनच्या माउलीला बोललो होतो. आई बरी आहे. हे तिसरं वर्ष. त्या दिवशी मी फक्त अस्वल असतो.”

“म्हणजे आम्ही वाऱ्यावर?” योसेलिनने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा तिखट निघाला.

“नाही. शनिवारी माझी गरजच पडू नये, अशी सोय शुक्रवारच्या आत करायची. आणि एक सांगू का? नवं मशीन आत्ता बसवूच नका. माझंही नको, कुणाचंच नको. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तोंडावर असताना काळीज बदलायचं नसतं. म्हाताऱ्याला जपून कार्निव्हल पार करा. मग नवं आणि जुनं आठवडाभर शेजारी-शेजारी चालवा, आणि मग जुन्याला निरोप द्या.”

स्वतःचं मशीन विकायला आलेला माणूस सांगतोय, आत्ता घेऊ नका. तो गेल्यावर पप्पा म्हणाले, पोरगा सरळ दिसतो पण धंद्यात कच्चा आहे. योसेलिनने त्याचं कोटेशन पुन्हा उघडलं. तिच्या डोक्यात मुंग्या फिरायला लागल्या होत्या. त्याचं म्हणणं पटलंय म्हणून तो आवडला, की तो आवडलाय म्हणून म्हणणं पटलं? कोटेशन निवडायचं होतं, हसू नव्हे. मिर्ताला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही निवड आणि गप्प बस. मिर्ताला काय जातंय म्हणायला.

दोन दिवसांनी एडसन एक साधासा वापरलेला कम्प्युटर काखोटीला मारून परत आला. या वेळी टाय नव्हता. म्हाताऱ्याच्या पोटातलं सगळं दर तासाला या दुसऱ्या मशीनवर उतरेल अशी व्यवस्था त्याने लावली. योसेलिनने त्याला बजावलं, की अजून तुम्हाला काम दिलेलं नाही, उद्या दुसऱ्या कुणाला दिलं तर ही मेहनत फुकट. तो म्हणाला, माहितीये. पण नवं मशीन कुणाचंही घेतलं तरी ही सोय लागणारच.

“आता म्हाताऱ्याची वायर काढा,” तो म्हणाला.

“मी?”

“मग कोण? शनिवारी मी अस्वल.”

तिने घाबरत वायर धरली. ती घट्ट बसली होती. त्याने मदतीला हात पुढे केला, तिची बोटं आणि त्याची बोटं एकाच वायरवर… आणि क्षणभर कुणीच ओढेना. खाली टर्मिनलात कुणीतरी कोचाबांबा, कोचाबांबा म्हणून ओरडत होतं.

“ओढायची आहे ना?” तिने हळूच विचारलं.

“हो… ओढायची आहे,” तो म्हणाला, पण हात त्यानेही हलवला नाही.

शेवटी तिनेच ओढली. म्हातारा गप्प झाला. ती दुसऱ्या मशीनकडे धावली, त्याने शिकवल्याप्रमाणे एकेक पायरी केली, आणि खाली खिडकीवरचं तिकीट करकर करत बाहेर आलं. तिने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा, त्याला पाठ करून उभं राहायला लावून, एक शब्द न विचारता. तेव्हा तो वळला आणि असं काही हसला, की योसेलिनला वाटलं, आता बस विकायला काढल्या तरी ती एकटी त्या परत आणील. (अर्थात काढू नयेत.)

मग आला शुक्रवार. कार्निव्हलच्या आदल्या दिवशी ओरुरोतल्या सगळ्या कचेऱ्या आणि खाणी चाय्या करतात, म्हणजे धरणीमाय पाचामामाला पेय शिंपून कामाच्या जागेसाठी आशीर्वाद मागतात. कचेरीत रंगीत कागदांच्या माळा लागल्या होत्या, जमिनीवर पाकळ्या, टेबलावर बिअरच्या बाटल्या, दाराशी तीन वाजंत्री. खिडक्यांवर रांगा पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. शिंतोडे उडू नयेत म्हणून योसेलिनने मागची बाजू हवेला मोकळी ठेवून म्हाताऱ्यावर आईचं जाड मेणकापड नीट बांधून टाकलं होतं.

आणि पाद्रिनो फाउस्तो आला. मागून त्याचा गडी ढकलगाडीवर कोरा करकरीत सर्व्हर घेऊन. लाल रिबीन बांधलेला.

“कोंपाद्रे,” पाद्रिनोने हात पसरले, “कोटेशन बिटेशन राहू दे. हा घे. आत्ता जोडू, चालू करू, म्हणजे चाय्या चालत्या मशीनवर होईल आणि वर्षभर बरकत राहील. मी याचा धर्मपिता.”

सगळे टाळ्या वाजवायला लागले. पप्पांच्या चेहऱ्यावर आनंद आणि अडचण एकमेकांत गुंतली होती. कोंपाद्रेने रिबीन बांधून आणलेली वस्तू कोण नाकारतं? पाद्रिनोचा गडी वायर शोधायलासुद्धा लागला.

योसेलिन म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात मेणकापडावर ठेवले.

“पाद्रिनो, तुम्ही आणलंत, डोक्यावर घेते. इथे ठेवू, सजवू. पण आज जोडायचं नाही.”

“अगं, अर्ध्या तासाचं काम…”

“खाली रांग बघा. त्या अर्ध्या तासात काही चुकलं तर गेल्या वर्षीचीच गत. कार्निव्हल झाल्याशिवाय म्हाताऱ्याला कुणी हात लावायचा नाही.”

वाजंत्री थांबले. पाद्रिनोने पप्पांकडे पाहिलं. बाप्तिस्म्यापासून आजपर्यंत या पोरीने त्याला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. पप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं, रांगेकडे. मग मुलीकडे.

“तिने सांगितलंय ना, कोंपाद्रे,” ते म्हणाले. “ठरवायचं काम तिचं आहे.”

पाद्रिनो रुसला खरा. पण निदान दिवे तरी लागू देत, दिवे नसलेल्या मशीनला आशीर्वाद कसा लागणार, असं म्हणून त्याने नव्या सर्व्हरला नुसती वीज जोडली. हिरवे दिवे लुकलुकले. बँड वाजला. पप्पांनी चारी कोपऱ्यांत थेंब शिंपले, आईने पाकळ्या उधळल्या, आणि आता धर्मपित्याची पाळी. पाद्रिनोने बाटली घेतली, अंगठा लावून कचाकचा हलवली, आणि बापाच्या मायेने नव्या लेकरावर असा काही फवारा सोडला, की बिअर थेट वरच्या जाळीतून आत.

फट्.

निळसर धूर. जळकट वास. हिरवे दिवे विझले. तुतारीवाल्याचा शेवटचा सूर तेवढा वाट चुकल्यासारखा लांबला आणि थांबला.

त्या शांततेत खालून आवाज आला. करकर… करकर… तिकिटं छापली जात होती. मेणकापडाखाली म्हातारा आपला सुखाने घरघरत होता.

पप्पा धावत खिडकीपर्यंत गेले, रांग पुढे सरकताना पाहिली, आणि परत येऊन स्टुलावर धपकन बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. योसेलिन घाबरून जवळ गेली, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून नुसती मान हलवत होते. पाद्रिनोने टोपी काढली, धुराकडे पाहिलं. सगळी तिकिटं याच्यावर चालू असती तरी हेच झालं असतं, पुटपुटला, तेही माझ्याच हातून. मग तोही हसू लागला. काय करणार, गुणी माणूस.

शनिवारी सकाळी भरून आलेल्या बस एकामागून एक रिकाम्या झाल्या. खुर्चीवरून एक भांडण नाही. दुपारी आईने योसेलिनच्या पाठीवर थाप मारली आणि जाऊन नाच बघून ये म्हणाली. एका चौकात ती मिर्ताबरोबर कठड्याला लागून उभी राहिली. हलका पाऊस, पितळी वाद्यांचा कल्लोळ, आणि सैतानांच्या ओळींमधून आली तीन अस्वलं. आता बोला. तीन!

पहिल्याने तिच्याशी हात मिळवला. छे, हा नव्हे, बुटका आहे. दुसऱ्याने तिची टोपी पळवली आणि मिर्ताच्या डोक्यावर ठेवली. हाही नसणार. तिसरं अस्वल धापा टाकत आलं, तिच्यासमोर थबकलं, आणि त्या केसाळ मुखवट्याच्या आतून घुसमटलेला आवाज आला.

“सर्व्हर चालू आहे का?”

योसेलिनला हसू आवरेना. “चालू आहे. एकही खुर्ची दोनदा विकली नाही.”

अस्वल भर रस्त्यात मटकन खाली बसलं. दोन्ही पंजे आभाळाकडे जोडले. बघे हसले, त्यांना वाटलं हा नाचातलाच भाग. मग मागच्या सैतानाने त्याला ढोसलं, तेव्हा ते उठलं आणि पुढे गेलं ते उड्या मारत, चक्क उलटं, तिच्याकडे तोंड करून. चौक संपेपर्यंत.

सोमवारी तो कचेरीत आला. बॅग नाही, कागद नाहीत. नाचून पाय सुजले होते, म्हणून बूट सैल. योसेलिन एकटीच होती.

“एक सांगायला आलो,” तो दाराशीच उभा राहून म्हणाला. “मी आमच्या कंपनीच्या मॅडमना सांगितलंय, तुमचं काम माझ्याकडे नको. आमचं कोटेशन घेतलंत तर सोनिया येईल. माझ्यापेक्षा हुशार आहे ती.”

योसेलिन खुर्चीवरून उठली. “का? आम्ही काही… चुकलो का?”

“नाही. तुम्ही निवडताना माझी अडचण नको, म्हणून.” तो मान खाली घालून दाराची कडी वरखाली करत होता. “मला इथे यायचं आहे. कामासाठी नाही. तुम्ही आमचं कोटेशन फाडून टाकलं, तरीही यायचं आहे. म्हणजे… यावं का, ते विचारायला आलो.”

इतके दिवस डोक्यात फिरणाऱ्या मुंग्या एकदम शांत झाल्या. कोटेशन एका बाजूला, हसू दुसऱ्या बाजूला. त्याने स्वतःच दोन्ही वेगळं करून तिच्यासमोर ठेवलं होतं. तिला एकदम हलकं वाटलं.

“कडी तुटेल,” ती म्हणाली.

त्याने घाईने हात काढला.

“ये,” ती म्हणाली. एवढंच. पण ते एवढंच ऐकून तो जिना उतरला तो सुजलेल्या पायांनी तीन-तीन पायऱ्या गाळत, आणि ती खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

मंगळवारी घरच्या अंगणाची चाय्या झाली. पाकळ्या, गोड गोळ्या, मातीत ओतलेली बिअर. पाचामामा जमिनीत असते, मशीनच्या पोटात नाही, असं आई पाद्रिनोला सुनावून झाली होती. पाहुणे गेल्यावर तिघंच ओट्यावर बसली. पप्पांनी विषय काढला, मग कुणाचं मशीन घ्यायचं?

योसेलिन ताठ बसली.

“ठरवलंय. तिसरं कोटेशन. ला पासवाले गरजेच्या दुप्पट मोठं मशीन गळ्यात मारतायत. पाद्रिनोचं मशीन चांगलं होतं, पण बिघडलं तर दुरुस्त करायला त्यांच्याकडे माणूस नाही. हे लोक आठवडाभर जुनं-नवं शेजारी चालवून मगच बदलणार. काम सोनिया नावाची इंजिनीअर करेल. आणि धर्मपिता पाद्रिनोच राहतील, मी त्यांना विचारलंय, फक्त बाटली माझ्या हातात असेल.”

पप्पांनी मान डोलावली. मग कपाळाला आठी पडली.

“आणि तो पोरगा? विल्का? एवढं सगळं करून काम दुसऱ्यावर टाकून मोकळा झाला?”

आईने पप्पांकडे पाहिलं, मग मुलीच्या लाल कानांकडे, आणि ओठांवर पदरासारखी शाल ओढून घेतली.

“मोकळा नाही झाला,” योसेलिन म्हणाली. “तो रविवारी आपल्याकडे जेवायला येतोय. मी बोलावलंय. आणि पप्पा, त्याला सर्व्हरबद्दल एक अक्षर विचारायचं नाही.”